तंजावरचा संगीतेतिहास आणि मद्रास विद्यापीठांतील आद्य संशोधक

तंजावरच्या भोसले घराण्याचा राजकीय इतिहास महाराष्ट्रांतील संशोधकांस अपरिचित नाहीं. बृहदीश्वराच्या देवालयांतील इ. स. १८०३ चा मराठी शिलालेख, व्यंकोजीराजांनीं केलेली राज्यस्थापना, शहाजी व शरभोजी यांच्या कारकीर्दी, आणि १८५५ सालीं शिवाजीराजांच्या निधनानंतर झालेला राज्याचा शेवट, ह्या गोष्टींची चर्चा आपल्याकडे पुष्कळ झालेली आहे. परंतु दक्षिणेंत तंजावरचें नांव आज ज्या गोष्टीसाठीं आदरानें घेतलें जातें ती गोष्ट राज्य नव्हे, संगीत होय. आणि ह्या संगीताच्या पूर्वेतिहासाची साधार छाननी मुख्यत्वें मद्रास (आजचें चेन्नई) येथील विद्वानांनीं केली. ती त्यांनीं कोणत्या साधनांवरून केली, त्यांच्या विचाराची पद्धति कोणती होती, आणि तिच्यांतून निघालेल्या निर्णयांचा मराठी इतिहासाशीं काय संबंध पोंचतो, हें थोडक्यांत सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. संगीतशास्त्रांत गति नसलेल्या, परंतु हस्तलिखितांची आवड असलेल्या वाचकांसाठीं हा लेख असल्यामुळें पारिभाषिक शब्दांचा अर्थ त्या त्या ठिकाणींच दिला आहे.

(१) साधनांचें स्वरूप

तंजावरच्या संगीताचा लेखी वृत्तांत नायक राजांपासून सलग लागतो. रघुनाथ नायक (राज्यारोहण सुमारें इ. स. १६००) याचे मंत्री गोविंद दीक्षित हे स्वतः संगीतज्ञ होते. त्यांचे पुत्र वेंकटमखी यांनीं रघुनाथाचा पुत्र विजयराघव नायक याच्या आश्रयानें, सतराव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, ‘चतुर्दंडीप्रकाशिका’ हा ग्रंथ लिहिला. १६७३ सालीं नायकांचें राज्य बुडालें व लौकरच तेथें भोसल्यांचा अंमल बसला. व्यंकोजीचे पुत्र शहाजीराजे (१६८४-१७१२) यांच्या नांवावर ‘रागलक्षणमु’ हा तेलुगु ग्रंथ आहे. त्यांचे कनिष्ठ बंधु तुळजाराजे (१७२८-१७३६) यांच्या नांवावर ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ आहे. ह्या शास्त्रग्रंथांच्या जोडीला गीतें, ठाय, आलाप, सूळादि इत्यादि प्रत्यक्ष गायनाच्या नमुन्यांचीं स्वरलिखित बाडें, नाटकें, पदें आणि राजवाड्यांतील मोडी हिशेब असा मोठा संग्रह तेथील सरस्वती महाल ग्रंथालयांत राहिला.

ह्या ग्रंथालयाच्या संस्कृत हस्तलिखितांची वर्गवार सूची डॉ. बर्नेल यांनीं १८८० सालीं प्रसिद्ध केली. १९१८ सालीं ग्रंथालय सार्वजनिक झालें, आणि १९२८ पासून पी. पी. एस. शास्त्री यांनीं तयार केलेल्या विस्तृत वर्णनात्मक सूचीचे खंड निघूं लागले. ते एकूण १९ झाले. सूची झाली म्हणजे संशोधन झालें असें नव्हे. परंतु सूचीवांचून संशोधनास आरंभच होत नाहीं, हें संग्राहकांस सांगावयास नकोच. पुढें ज्या कामाचें वर्णन यावयाचें आहे तें ह्या दोन सूच्यांच्या पायावर उभें आहे.

(२) विद्यापीठापूर्वीचें कार्य

विद्यापीठांतील मंडळींच्या अगोदर ह्या क्षेत्रांत दोन व्यक्तींनीं मोठें काम करून ठेविलें होतें. पहिले एट्टयपुरमचे सुब्बराम दीक्षितर. मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या घराण्यांतील ह्या विद्वानांनीं घरांत परंपरेनें आलेलीं गीतें, लक्षणें व कृति एकत्र करून ‘संगीतसंप्रदायप्रदर्शिनी’ हा प्रचंड तेलुगु ग्रंथ १९०४ सालीं छापविला. दुसरे आपले पंडित विष्णु नारायण भातखंडे. त्याच १९०४ सालीं ते दक्षिणेच्या यात्रेस गेले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितरांस भेटले, आणि चतुर्दंडीप्रकाशिकेचा परिचय करून घेऊन परतले. हा ग्रंथ पुढें १९१८ सालीं दत्तात्रेय केशव जोशी यांनीं पुण्यास आर्यभूषण छापखान्यांतून प्रसिद्ध केला. भातखंडे यांच्या थाटपद्धतीवर वेंकटमखीच्या मेळविचाराची छाप आहे हें सर्वमान्य आहे. म्हणजे तंजावरांतील एका दीक्षिताची कल्पना मुंबई-पुण्याच्या मार्गानें सर्व उत्तर हिंदुस्थानच्या गायनशाळांत पोंचली. तंजावर आणि महाराष्ट्र यांचा हा संबंध भोसल्यांच्या राज्याहून निराळा, पण तितकाच खरा आहे.

ह्या दोघांचेंहि ध्येय मुख्यतः चालू संगीताची व्यवस्था लावणें हें होतें. दीक्षितरांस संप्रदाय टिकवावयाचा होता. भातखंडे यांस विस्कळित प्रचारास शास्त्र द्यावयाचें होतें. अमुक ग्रंथ कोणाचा, त्यांतील कोणता भाग मूळचा व कोणता मागाहून जोडलेला, अमुक राग अमुक शतकांत कोणत्या स्वरूपांत गात असत, हे निव्वळ इतिहासाचे प्रश्न त्या प्रश्नांसाठींच विचारणारी पिढी यानंतर आली.

(३) विद्यापीठ आणि अकॅडमी

१९२७ सालीं मद्रासेस काँग्रेसचें अधिवेशन भरलें, त्यास जोडून संगीतपरिषद झाली, आणि तिच्यांतून १९२८ सालीं मद्रासची म्युझिक अकॅडमी स्थापन झाली. १९३० पासून तिचें नियतकालिक निघूं लागलें. नंतरच्या दशकांत मद्रास विद्यापीठांत संगीताचें अध्यापन सुरू होऊन भारतीय संगीताचा स्वतंत्र विभाग झाला. अशा रीतीनें एका नगरांत दोन संस्था एकमेकींस पूरक झाल्या: अकॅडमीपाशीं गायक-वादक, वार्षिक चर्चासभा व छपाईची सोय, विद्यापीठापाशीं पगारी अध्यापक, ग्रंथसंग्रह व अभ्यासाची शिस्त.

ह्या कार्यांतील दोन नांवें विशेष लक्षांत ठेवण्याजोगीं आहेत. प्रा. पी. सांबमूर्ति (१९०१-१९७३) हे विद्यापीठाच्या संगीत-विभागाचे पहिले प्रमुख. १९३१ सालीं ते जर्मनींत म्यूनिक येथें शिकावयास गेले होते. जर्मन भाषेच्या विद्यापीठांत त्या वेळीं संगीतविद्या ही इतिहास किंवा भाषाशास्त्र यांच्या बरोबरीची विद्या मानली जात असे. व्हिएन्नाच्या गुइडो आडलर यांनीं १८८५ सालींच तिचे ऐतिहासिक व तात्त्विक असे दोन भाग पाडून दाखविले होते. ती दृष्टि सांबमूर्तींनीं बरोबर आणली. वाद्यांची रचना, स्वरलेखन, रचनाकारांचीं चरित्रें व कोशरचना यांकडे त्यांचा ओढा होता. शहाजीराजांचा ‘पल्लकीसेवाप्रबंधमु’ हा तेलुगु गेय प्रबंध त्यांनींच छापून उपलब्ध केला.

दुसरे डॉ. वे. राघवन् (१९०८-१९७९). हे तंजावर प्रांतांतील तिरुवारूरचे. तेंच त्यागराज, श्यामाशास्त्री व मुत्तुस्वामी दीक्षितर ह्या तिघांचें जन्मस्थान. राघवन् विद्यापीठाच्या संगीत-विभागांत नव्हते, संस्कृत-विभागांत होते, ही गोष्ट महत्त्वाची आहे. ज्या विद्वानानें भोजाच्या ‘शृंगारप्रकाशा’चा उलगडा केला व जगभरच्या संस्कृत हस्तलिखितांची महासूची रचण्याचें काम वाहिलें, तोच १९४४ पासून अखेरपर्यंत म्युझिक अकॅडमीचा चिटणीस होता. त्यामुळें साहित्यग्रंथांस लावावयाची कसोटी त्यांनीं संगीतग्रंथांस लाविली. गायकाच्या तोंडची परंपरा आदरणीय खरी. परंतु ती ग्रंथांत कोठें सांपडते, किती जुन्या पोथींत सांपडते, आणि त्या पोथीच्या आधींच्या ग्रंथकारांस ती माहीत होती काय, हें पाहिल्यावांचून ती इतिहास म्हणून घ्यावयाची नाहीं, असा हा बाणा होता.

मूळ ग्रंथ हातीं असल्याशिवाय ही कसोटी लावतां येत नाहीं. म्हणून प्रथम ग्रंथ छापले गेले. अकॅडमीनें चतुर्दंडीप्रकाशिका १९३४ सालीं, संगीतसुधा १९४० सालीं आणि तुळजाराजांचें संगीतसारामृत १९४२ सालीं प्रसिद्ध केलें. ह्या संपादनांत पंडित एस. सुब्रह्मण्य शास्त्री यांचा वांटा मोठा आहे. त्यांनींच अड्यार ग्रंथालयासाठीं १९३८ सालीं गोविंदकृत ‘संग्रहचूडामणि’ संपादिला. आठ वर्षांच्या आंत चार मुख्य ग्रंथ छापील स्वरूपांत समोरासमोर ठेवतां येऊं लागले, आणि तेव्हांच तुलनेस खरा आरंभ झाला.

(४) ग्रंथ कोणाचा?

पहिला प्रश्न कर्तृत्वाचा. ‘संगीतसुधा’ ह्या ग्रंथाच्या पुष्पिकांत कर्ता म्हणून रघुनाथ नायकाचें नांव आहे. पुष्पिकेवर विसंबणाऱ्यानें ग्रंथ राजाचा म्हणून नोंदावा. परंतु वेंकटमखी आपल्या ग्रंथांत संगीतसुधेचा उल्लेख आपल्या वडिलांची कृति म्हणून करतो. पुत्राची ही साक्ष, ती हि समकालीन दरबारांत दिलेली, पुष्पिकेहून बलवत्तर होय. राजाचा आश्रय, राजाची आज्ञा, क्वचित् राजाचा सहभाग, आणि पंडिताची लेखणी, असा ह्या प्रकारच्या ग्रंथांचा जन्म असतो. संस्कृत वाङ्मयांत हें नवीन नाहीं.

हाच न्याय भोसल्यांच्या ग्रंथांसहि लावावा लागतो, आणि येथें मराठी वाचकानें मन थोडें कठीण केलें पाहिजे. शहाजी व तुळजा यांच्या नांवावर असलेले ग्रंथ त्यांनीं अक्षरशः स्वहस्तें लिहिले असें म्हणण्यास पुष्पिका हा एकटा पुरावा अपुरा आहे. तथापि ते केवळ नामधारी होते असेंहि म्हणतां येत नाहीं. शहाजीराजांनीं १६९३ सालीं तिरुविशनल्लूर हें गांव ‘शाहराजपुर’ ह्या नांवानें पंडितांस अग्रहार दिलें. त्याच पंडितांपैकीं श्रीधर वेंकटेश यांचें ‘शाहेंद्रविलास’ हें काव्य राघवन् यांनीं १९५२ सालीं संपादून त्या प्रस्तावनेंत शहाजीकालीन विद्वानांचा व कलावंतांचा वृत्तांत दिला. त्यावरून दरबाराचें विद्याव्यसन नुसत्या स्तुतीचें नव्हतें, हें स्पष्ट होतें. तेव्हां ‘राजकृत’ ह्या शब्दाचा अर्थ ‘राजाच्या सभेंत, राजाच्या देखरेखीनें सिद्ध झालेला’ असा घ्यावा. म्हणजे राजाचाहि अपमान होत नाहीं व पंडिताचाहि विसर पडत नाहीं.

(५) बहात्तर मेळांची नांवें

दुसरा प्रश्न ह्याहून गुंतागुंतीचा व फलदायी आहे. कर्नाटक संगीतांतील सर्व राग बहात्तर मेळांत वांटलेले आहेत आणि ही व्यवस्था वेंकटमखीनें केली, असें सर्वत्र सांगतात. मेळ म्हणजे सात स्वरांचा एक ठराविक संच. षड्ज व पंचम हे अचल. षड्ज व मध्यम यांच्या दरम्यान ऋषभ-गांधारांच्या सहा जोड्या बनतात. पंचमाच्या पुढें धैवत-निषादांच्याहि सहाच. सहास सहानें गुणून छत्तीस. शुद्ध व तीव्र असे मध्यम दोन, म्हणून बहात्तर. हा हिशेब वेंकटमखीचाच आहे याविषयीं शंका नाहीं. परंतु ह्या बहात्तर मेळांस आज जीं नांवें आहेत तीं त्याचीं आहेत काय? राघवन् यांनीं १९४१ सालीं अकॅडमीच्या नियतकालिकांत ह्या प्रश्नाची चर्चा करून तीं त्याचीं नव्हत असें दाखविलें.

ह्यांतील तर्क संस्कृत जाणणाऱ्या वाचकास स्वतः पडताळून पाहतां येण्यासारखा आहे. चतुर्दंडीप्रकाशिकेंत वेंकटमखी बहात्तरांचा आराखडा देतो, पण प्रचारांत असलेले म्हणून एकोणीसच मेळ वर्णितो. त्यांची नांवें मुखारी, सामवराळी, श्रीराग, शंकराभरण, नाट, शुद्धरामक्रिया, कल्याणी अशीं साधीं आहेत. एकोणिसावा सिंहारव हा त्यानें स्वतः कल्पिलेला. आतां मागाहूनच्या याद्यांतील नांवें कटपयादि संकेतानें बांधलेलीं आहेत. ह्या संकेतांत क, ट, प, य ह्या अक्षरांपासून अनुक्रमें एक, दोन, तीन असे अंक मोजतात, ञ व न यांचें मूल्य शून्य धरतात, जोडाक्षरांत शेवटचें व्यंजन धरतात, आणि नांवाच्या पहिल्या दोन अक्षरांचे अंक उलट क्रमानें वाचले म्हणजे मेळाचा अनुक्रमांक मिळतो. ‘कनकांबरी’ अथवा ‘कनकांगी’ यांत क म्हणजे एक, न म्हणजे शून्य. उलटून ०१, म्हणजे पहिला मेळ.

वेंकटमखीच्या योजनेंत पहिला मेळ मुखारी. म म्हणजे पांच, ख म्हणजे दोन, उलटून २५. पहिल्या मेळाशीं त्याचा कांहींच मेळ बसत नाहीं. शंकराभरणाचें स्थान एकोणतिसावें. पण श म्हणजे पांच व क म्हणजे एक, यांवरून १५ येतात. म्हणून मागाहूनच्या यादीकारानें मागें ‘धीर’ हा शब्द जोडला: ध नऊ, र दोन, उलटून २९. सामवराळी तिसरी व्हावी म्हणून ती ‘गानसामवराळी’ झाली. नाट छत्तिसावा व्हावा म्हणून ‘चलनाट’ झाला. रामक्रियेस एकावन्नाव्या स्थानासाठीं ‘काशी’ लागली. कल्याणीस पांसष्टाव्यासाठीं एका यादींत ‘शांत’ व दुसरींत ‘मेच’ हीं उपपदें मिळालीं. वेंकटमखीचा स्वतःचा लाडका सिंहारव हाहि यांतून सुटला नाहीं; अठ्ठावन्नाव्या स्थानासाठीं तो ‘देशीसिंहारव’ झाला. श्रीराग मात्र बाविसावा असून उपपदावांचूनच बाविसावा ठरतो, कारण श्री यांतील र दोन आणि रा दोन; म्हणून त्यास कोणीं हात लाविला नाहीं. स्वतः नांवें योजणाऱ्या ग्रंथकारानें हा संकेत मनांत धरला असता, तर आपल्या मूळ ग्रंथांत त्यानें मुखारीस पहिलें स्थान त्या नांवानें दिलें नसतें. अंक आधीं ठरलेले, जुनीं नांवें प्रसिद्ध, आणि त्यांस अंकांत बसविण्यासाठीं शब्द मागाहून चिकटविलेले, हा क्रम येथें उघड दिसतो.

ह्या अंतर्गत पुराव्यास बाह्य पुरावा जोडला म्हणजे निर्णय पक्का होतो. वेंकटमखीच्या नंतर, त्याच नगरांत, त्याच ग्रंथसंग्रहाच्या सान्निध्यांत शहाजी व तुळजा यांचे ग्रंथ झाले. तुळजाराजांस चतुर्दंडीप्रकाशिका अवगत होती. असें असतां हे दोन्ही ग्रंथ रागांची वांटणी प्रचारांतील मोजक्या मेळांतच करतात. बहात्तर नांवांची यादी त्यांत नाहीं. ती यादी तेव्हां वेंकटमखीच्या नांवानें नांदत असती, तर तंजावरच्याच राजसभेस ती ठाऊक नसावी हें संभवत नाहीं. यावरून ती रागांच्या लक्षणांसह मागाहून, अठराव्या शतकांत, सिद्ध झाली असें अनुमान निघतें. आणि दीक्षितरांच्या घराण्यांत मुद्दु वेंकटमखी नांवाच्या वंशजाचा जो उल्लेख आहे, त्याच्याकडे अभ्यासक ह्या परिशिष्टाचें कर्तृत्व देतात.

हा निर्णय केवळ पंडिती कुतूहलाचा नाहीं. बहात्तर मेळांचा सांगाडा नायककालीन, पण त्या सांगाड्यांत प्राण भरून तो रागव्यवस्थेचा पाया होण्याची घडामोड भोसल्यांच्या काळांतील, असा त्याचा अर्थ होतो. नायकांबरोबर तंजावरची विद्या संपली व मराठ्यांनीं फक्त उरलेलें सांभाळलें, हा एक समज. आणि सर्व कांहीं भोसल्यांनींच केलें, हा आपल्याकडील दुसरा समज. दोन्ही ह्या पुराव्यापुढें टिकत नाहींत.

(६) लक्षण आणि लक्ष्य

तिसरी गोष्ट संगीतेतिहासाच्या अगदीं मर्मावर बोट ठेवणारी आहे. रागाचें लक्षण श्लोकांत सांगितलेलें असतें. परंतु चार ओळींच्या श्लोकावरून तो राग कसा गात असत हें कळत नाहीं. ‘चतुर्दंडी’ म्हणजे आलाप, ठाय, गीत व प्रबंध हे गायनाचे चार आधारस्तंभ. शहाजी व तुळजा यांच्या ग्रंथांचें वैशिष्ट्य हें कीं, त्यांत लक्षणानंतर त्या त्या रागांतील गीत, ठाय, आलाप इत्यादींतून प्रत्यक्ष स्वरसमूह उतरून दाखविले आहेत. पूर्वीच्या ग्रंथाची पुनरुक्ति करण्यावर समाधान न मानतां, आपल्या काळीं गळ्यांतून निघणारा राग कागदावर ठेवण्याची ही पद्धति आहे. आजच्या कोशकारानें प्रत्येक अर्थापुढें प्रयोग द्यावा तसेंच हें झालें.

ह्यामुळें संशोधकास मोठी सोय झाली. १६५० च्या सुमाराचें लक्षण चतुर्दंडीप्रकाशिकेंत, १७०० च्या सुमाराचे प्रयोग शहाजीच्या ग्रंथांत, १७३० च्या सुमाराचे तुळजाच्या ग्रंथांत, आणि त्यागराज (१७६७-१८४७), श्यामाशास्त्री (१७६२-१८२७) व दीक्षितर (मृत्यु १८३५) यांच्या कृतींत त्याच रागांचें पुढचें रूप: अशी दीडशें-पावणेदोनशें वर्षांची सलग मालिका एकाच नगराच्या आसमंतांत लागते. ह्या मालिकेवर मद्रास विद्यापीठाच्या संगीत-विभागांतील डॉ. एस. सीता यांनीं ग्रंथालयांतील हस्तलिखितें तपासून विस्तृत प्रबंध लिहिला. सतराव्या, अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील ‘संगीताचें पीठ’ ह्या नात्यानें तंजावरचें वर्णन करणारा हा इंग्रजी ग्रंथ विद्यापीठानें १९८१ सालीं प्रसिद्ध केला. शहाजीचें ‘रागलक्षणमु’ हि त्यांनींच पुढें संपादिलें. सांबमूर्ति-राघवन् यांच्या पिढीनें घातलेल्या पायावर चढलेला हा मजला होय.

(७) मराठीचा वांटा

ह्या सर्वांत मराठी भाषेचें स्थान काय, हा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. उत्तर सरळ आहे. तंजावरच्या दरबारांत गायनाची मुख्य भाषा तेलुगु, शास्त्राची संस्कृत, लोकनाट्याची तमिळ, आणि मराठी ही राजघराण्याची, कथाकीर्तनाची व दप्तराची होती. शहाजीराजे स्वतः तेलुगूंत पदें रचीत. त्यांच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकाचें नांवच त्या सभेचें चित्र उभें करतें. मराठीचा जो स्पष्ट ठसा उमटला तो दोन ठिकाणीं. एक कीर्तनांत: समर्थसंप्रदायाचे मठ व महाराष्ट्रांतून गेलेले हरिदास यांच्यामुळें साकी, दिंडी, ओंवी, अभंग हीं वृत्तें तेथील हरिकथेंत शिरलीं, आणि तंजावरचे कृष्ण भागवतर (१८४१-१९०३) यांनीं त्या साच्यावर तमिळ देशांतील कथाकालक्षेपास नवें रूप दिलें. दुसरें नृत्यांत: दुसऱ्या शरभोजीराजांच्या (१७९८-१८३२) नांवावर ‘कोरव्यांचे साहित्याचे जिन्नस’ ह्या मराठी नृत्यरचना आहेत, त्यांचा अभ्यास मुंबईचे आचार्य पार्वतीकुमार यांनीं केला. ज्या काळीं चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलु हे चार बंधु आजच्या भरतनाट्याचा क्रम बांधीत होते, त्याच काळांत त्याच नगरांत मराठी शब्दांवर पाय पडत होते, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

दप्तराचा प्रश्न अधिक निकडीचा. तंजावरच्या राजवाड्याचे मोडी कागद पुष्कळ आहेत; तेथील तमिळ विद्यापीठानें त्यांतील वेंच्यांचें तमिळ भाषांतर प्रसिद्ध केलें. गवयांचीं वेतनें, वाद्यांची खरेदी, उत्सवांचा खर्च, देणग्या यांच्या नोंदी अशा कागदांत असतात. संगीत-विभागाच्या अभ्यासकास राग कळतो, पण मोडी वाचतां येत नाहीं. आपल्या मोडी वाचकास अक्षर लागतें, पण ‘ठाय’ म्हणजे काय हें ठाऊक नसतें. दोन विद्यांच्या मधील ह्या खिंडींत इतिहासाचा मोठा भाग अडून राहतो.

(८) संग्राहकांस विनंती

म्हणून शेवटीं संग्राहकांपुढें एक व्यवहाराची गोष्ट ठेवावीशी वाटते. संगीताची बाडें इतर पोथ्यांहून लौकर नष्ट होतात, कारण तीं पाहणारास निरर्थक वाटतात. ज्यांत देवाचें नांव नाहीं, कथा नाहीं, श्लोक नाहीं, केवळ स, रि, ग, म ह्या अक्षरांच्या ओळी आहेत, तें पान रद्दींत जातें. प्रस्तुत लेखकानें एका घरीं अशीं पानें दुसऱ्या पोथीच्या वेष्टनास लाविलेलीं पाहिलीं आहेत. परंतु वर सांगितलेल्या मालिकेंतील कोणताहि एक दुवा अशाच ओळींवर अवलंबून असतो.

तीं ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. पानाच्या शिरोभागीं रागाचें व बहुधा तालाचें नांव असतें. रचनेच्या आरंभीं गीत, ठाय, सूळादि, प्रबंध किंवा आलाप असा प्रकार लिहिलेला असतो. आलापाच्या भागांस आयित्त, येडुपु, मुक्तायि अशीं नांवें असलीं तर तें लेखन तंजावरच्या चतुर्दंडी-परंपरेंतील आहे असें समजण्यास हरकत नाहीं. मेळांचीं नांवें आढळल्यास तीं उपपदांसह आहेत कीं उपपदांवांचून, हें अवश्य टिपावें; कारण ‘शंकराभरण’ आणि ‘धीरशंकराभरण’ ह्या दोन लेखनांत, वर दाखविल्याप्रमाणें, कालाचें अंतर दडलेलें असूं शकतें. लिपि कोणती, भाषा कोणती, पुष्पिकेंत कोणाचें नांव व कोणता शक, पोथी कोणत्या घराण्याकडून आली, इतकें टिपून ठेविलें म्हणजे पुढच्या अभ्यासकाचें अर्धें काम झालें. पानें सुटीं असलीं तरी त्यांचा क्रम बदलूं नये, व दोन बाडें एकत्र बांधूं नयेत.

चतुर्दंडीप्रकाशिकेचें शेवटचें तालप्रकरण आज मिळत नाहीं आणि प्रबंधप्रकरणहि अपुरेंच मिळतें. संगीतसुधेचे आरंभींचे चार अध्याय मिळतात, पुढील नाहींत. हे ग्रंथ राजसभेंत लिहिले गेले, राजग्रंथालयांत ठेविले गेले, आणि तरीहि त्यांचे भाग हरवले. मग खाजगी घरांतील बाडांची गोष्ट काय सांगावी? तंजावरचे दोन दरबार, दोन ग्रंथसूच्या आणि एका विद्यापीठाच्या दोन-तीन पिढ्या यांच्या श्रमानें जेवढें हातीं लागलें तें वर सांगितलें. राहिलेलें ज्यांच्या माळ्यावर, पेटींत किंवा देवघराच्या कोनाड्यांत पडून असेल, त्यांनीं तें एकदां उघडून पाहावें, एवढीच प्रार्थना आहे.